तेरावा ड्रम

"डबा मांडीवर ठेवा," चंद्रभागा म्हणाली.

"मांडीवर ठेवू तर गिअर कसा टाकू?" पुंजाराम म्हणाला.

"मग शेजारच्या सीटवर ठेवा, पण पट्टा लावा. सोताला लावत नाही, निदान याला तरी लावा."

पुंजारामने मुकाट्याने डब्याला पट्टा लावला. डबा स्टीलचा होता, पांढऱ्या फडक्यात बांधलेला, वर लाल दोऱ्याची गाठ. आत अधिक महिन्याचं वाण होतं: रिवाजाप्रमाणे तेहतीस अनारसे, आणि झाकणावर फडक्यात एक निरांजन आणि सुपारी. थोरली लेक सायली हिचं लग्न मागच्या वर्षी येवल्याला झालं होतं आणि जावयाचा हा पहिलाच धोंड्याचा महिना होता. खरं तर जावयानेच जेवायला यायचं, पण मनोजराव पैठणी विणायचे आणि महिना संपता संपता लग्नांच्या ऑर्डरी अशा काही आल्या होत्या की मागावरून उठायची सोय नव्हती. चंद्रभागेच्या गुडघ्याला पट्टा. आणि आज महिन्याचा शेवटचा दिवस. दिवेलागणीच्या आत वाण पोचलं पाहिजे, तेही मोजून तेहतीस, कारण विहीणबाई सुलाबाई चारचौघींत मोजून घेणाऱ्या होत्या.

योगायोगाने पुंजारामला आज येवल्याचीच खेप होती. आता यात अडचण अशी की खेप अंबडच्या एका केमिकल कंपनीची होती. गाडीत मागे नायट्रिक ॲसिडचे बारा निळे ड्रम उभे होते. येवल्याची एक दूध डेअरी त्याने आपल्या टाक्या धुवायची. आणि कंपनीचा पहिला नियम, गेटवर लाल अक्षरांत लिहिलेला, असा होता की केमिकलच्या गाडीत खाण्यापिण्याची वस्तू न्यायची नाही. चालकाचा डबासुद्धा नाही. सापडली तर गेटपास रद्द. अकरा वर्षं पुंजारामची पिकअप त्या एकाच गेटातून आत-बाहेर करत होती. गेटपास गेला तर तिने दारात उभं राहून कोंबड्यांना सावली देण्यापलीकडे काही काम उरणार नव्हतं.

"नियम हाय गं," तो शेवटचं म्हणून बघत म्हणाला.

"नियम ॲसिडला. अनारशांना कशाला?" चंद्रभागा म्हणाली. "आणि वाटेत उघडू नका. मला सगळं कळतं."

तिला सगळं कळायचं, हे खरं होतं. गाडीची चलनं, पावत्या, पासाचे कागद तीच तारखेवार लावून ठेवायची, आणि ठेवण्याआधी एकूण एक ओळ वाचायची. एकदा तिने विचारलं होतं, "ही वाहतुकीतली घट म्हणजे काय वो?" पुंजारामने ऐटीत समजावलं होतं, की रस्त्यात थोडं उडतं, थोडं सांडतं, म्हणून देणारा अंदाजाने चार थेंब जास्तच भरतो. ती "अस्सं" म्हणाली होती आणि कागद फाइलला लावला होता.

गाडी नांदूर नाक्याला पोचली आणि फोन वाजला. गेटवरचा झुंबर बोलत होता.

"पुंजाभाऊ, कुठवर गेला? माघारी फिर. सेफ्टीच्या मनाली मॅडमनी आजच तपासणी काढली. बाहेर पडलेल्या गाड्यासुद्धा परत बोलवल्यात. नव्या गेटपासाच्या यादीवर तपासणी करूनच सही करणारेत."

पुंजारामने गाडी बाजूला घेतली आणि डब्याकडे पाहिलं. डबा पट्टा लावून शांत बसला होता. घरी नेऊन ठेवावा, तर उंबऱ्याबाहेर पडलेलं वाण माघारी आणलं म्हणून चंद्रभागेने त्यालाच उंबऱ्याबाहेर ठेवलं असतं. समोरच्या चहाच्या टपरीवर ठेवावा, तर तिथे चौघे जण रिकामे बसले होते. परत येईपर्यंत फक्त निरांजन उरलं असतं. केबिनमध्ये तर मॅडम सगळ्यात आधी डोकावणार.

आणि मग त्याची नजर मागच्या कोऱ्या निळ्या ड्रमवर गेली. चंद्रभागेला गहू भरायला हवा म्हणून त्याने तो कालच विकत घेतला होता आणि गाडीतून उतरवायचा राहिला होता. माणसाला अक्कल सुचते ती अशा वेळी, आणि सुचते तेव्हा ती थांबवायला शेजारी कोणी नसतं. त्याने डबा ड्रममध्ये ठेवला, झाकण आवळलं आणि ड्रम बाकीच्या बारांच्या रांगेत सरकवला. तरीही कुणाला ड्रम उघडावासा वाटला तर? पुंजारामने डॅशबोर्डच्या खणातून कधीकाळी उरलेलं एक धोक्याचं लेबल काढलं आणि न वाचताच ड्रमवर चिकटवलं. आता त्याच्या वाटेला कोणी जाणार नव्हतं. तो शीळ घालत अंबडला परतला.

त्याच्या हिशेबात एक गोष्ट राहून गेली होती. अकरा वर्षं झुंबर खुर्चीत बसून, लांबूनच नजरेने ड्रम मोजत आला होता. मनाली मॅडम तीन महिन्यांपूर्वीच आल्या होत्या आणि त्या प्रत्येक ड्रमवर हात ठेवून मोजत.

"काका, चलनावर किती आहेत?"

"बारा."

"आणि गाडीत?"

पुंजारामनेही बोटाने मोजले. चमत्कार होईल अशी त्याला थोडी आशा होती. "तेरा वाटत्यात."

"वाटतात?"

"हायेत."

मॅडम तेराव्या ड्रमसमोर थांबल्या. "यात काय आहे?"

अनारसे आहेत म्हणावं तर गेटपास गेला. केमिकल आहे म्हणावं तर ते चलनावर का नाही, म्हणूनही गेटपास गेला. उरलं एकच उत्तर, आणि जगात आजवर बहुतेक घोटाळे त्याच उत्तराने वाढले आहेत.

"मला नाय माहीत," पुंजाराम म्हणाला.

मॅडमनी लेबल वाचलं. मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "पाण्याशी संपर्क आल्यास पेट घेतो," त्या मोठ्याने म्हणाल्या. "हा माल तर आपल्याकडे बनतच नाही!"

आणि नेमका त्याच क्षणी, सकाळपासून भरून आलेल्या आभाळातून एक टपोरा थेंब ड्रमच्या झाकणावर पडला.

"छत्री!" मॅडम ओरडल्या. "छत्री आणा! सायरन वाजवा! सगळ्यांना मैदानात काढा!"

सायरन वाजला. दीडशे कामगार हातातलं काम टाकून मैदानात येऊन उभे राहिले आणि पावसात भिजू लागले, कारण साऱ्या कंपनीत मिळालेली एकुलती एक छत्री अनारशांवर धरलेली होती. ती धरायचं काम झुंबरकडे आलं होतं. त्याने हात जेवढा लांब होईल तेवढा पुढे केला होता आणि उरलेलं सगळं अंग जमेल तेवढं मागे ठेवलं होतं.

"पुंजाभाऊ, फुटलं तर रे?" त्याने रडवेल्या आवाजात विचारलं.

"फुटणार नाय."

"तुला काय माहीत? तुला तर माहीतच नाय म्हणालास मघाशी!"

पुंजारामने तोंडावरचं पावसाचं पाणी पुसलं. मॅडम फोनवर फोन करत होत्या. मुंबईच्या मुख्य कार्यालयातही कळवून झालं होतं. आता खरं सांगायची वेळ निघून गेली असं त्याला वाटलं, आणि दर मिनिटाला ती आणखी लांब जात होती.

शेवटी प्रयोगशाळेतला दीपक आला. पायापासून डोक्यापर्यंत पिवळा पोशाख, तोंडावर मोठा मास्क, हातात लांब चिमटा. मॅडम नियमाप्रमाणे वीस पावलं लांब उभ्या राहिल्या, आणि पुंजाराम त्यांच्या मागे. दीपकने झाकण उघडलं. आत वाकून पाहिलं. चिमट्याने फडक्याची गाठ सोडली आणि आधी निरांजन बाहेर काढलं, मग सुपारी.

झुंबरने छत्री आणखी लांब धरली. "मॅडम, हे केमिकल नाय! ही करणी हाय कुणाची तरी!"

"झुंबर, गप्प बसा. दीपक, काय दिसतंय?"

दीपकने डब्याचं झाकण किलकिलं केलं. साजूक तुपाचा वास मास्कमधूनही त्याच्यापर्यंत पोचला. त्याने मान वर करून पाहिलं, तर मॅडमच्या पाठीमागे पुंजाराम दोन्ही हात जोडून उभा होता आणि डोळ्यांनी गयावया करत होता. दीपक भला माणूस होता. शिवाय यंदा त्याच्या आईचं अनारशाचं पीठ बिघडलं होतं आणि घरात पुन्हा विषय काढायची बंदी होती.

"घन पदार्थ आहे, मॅडम," तो गंभीरपणे म्हणाला. "तपकिरी, गोल, जाळीदार. एका बाजूला पांढरे कण. नमुना तपासावा लागेल."

डबा प्रयोगशाळेत गेला. दहा मिनिटांनी दीपकने खिडकीतून मान काढून सांगितलं, "पहिली चाचणी ठीक आहे. दुबार करावी लागेल." पाच मिनिटांनी त्याने झुंबरला आत बोलावलं, कारण गरम द्रवात पदार्थाचं काय होतं ते बघायचं होतं आणि झुंबरकडे चहा होता. खिडकीबाहेर उभा राहून पुंजाराम मनात मोजत होता. तेहतीस, बत्तीस, एकतीस, तीस. एकेका चाचणीला त्याचं काळीज तुटत होतं. सुलाबाई मोजायला बसल्या की काय होईल ते त्याला डोळ्यांसमोर दिसत होतं.

मनाली मॅडमना वाट बघायची सवय नव्हती. त्या दार ढकलून आत गेल्या. दीपकचा मास्क कपाळावर होता आणि मिशीत खसखस होती.

"दीपक, तोंडात काय आहे?"

दीपकने आवंढा गिळला. "आता काही नाही, मॅडम."

पुंजारामला राहवलं नाही. तो आत आला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. लेक, जावई, पहिला धोंडा, चंद्रभागेचा गुडघा, नांदूर नाका, गव्हाचा ड्रम, लेबल. "त्यांचा काय दोष नाय, मॅडम. माझाच हाय. गेटपास काढून घ्या, पण ते वाण तेवढं जाऊ द्या," तो म्हणाला आणि खरोखरच त्याचे डोळे भरून आले.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "काका, नियम माझ्या हौसेसाठी नाहीये. मागचा एक ड्रम पाझरला असता, त्याची वाफ डब्यात शिरली असती, आणि संध्याकाळी हेच तुमच्या मुलीने आणि जावयाने खाल्लं असतं. मग?"

पुंजारामने मान खाली घातली. अकरा वर्षं तो नियम वाचत होता, पण त्या नियमात आपली सायली आहे हे त्याला आज पहिल्यांदा दिसलं. त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली.

तेवढ्यात मॅडमचा फोन वाजला. मुख्य कार्यालयातले मोठे साहेब होते. त्यांचा आवाज इतका मोठा होता की फोन कानाला लावायची गरजच नव्हती. सायरन का वाजला, उत्पादन का थांबलं, दीडशे माणसं पावसात का उभी आहेत, कोणता पदार्थ सापडला? मॅडमनी टेबलावरच्या डब्याकडे पाहिलं. पदार्थाचं नाव त्यांच्या ओठांवर आलं, आणि ते मुंबईत कसं ऐकू येईल हेही त्यांच्या ध्यानात आलं.

"तपासणी चालू आहे, सर," त्या म्हणाल्या. "घाबरण्यासारखं काही नाही. अहवाल पाठवते."

फोन ठेवून त्या स्टुलावर बसल्या, डब्यातून एक अनारसा उचलला आणि निमूटपणे पूर्ण खाल्ला. एकोणतीस, पुंजाराम मनात म्हणाला.

"दीपक, लिहून घ्या," मॅडम म्हणाल्या. "अनोळखी घन पदार्थ. ज्वलनशील नाही. मानवी शरीरास तूर्त अपाय आढळला नाही. नमुने चाचणीत संपले. उर्वरित पदार्थाची स्वतंत्र वाहनाने विल्हेवाट लावण्यात येत आहे."

"विल्हेवाट कुठे लिहू?"

"येवला. आणि काका, गेटपासवर सही करतेय. पण तो डबा तुमच्या गाडीत चढणार नाही. नियम म्हणजे नियम. तो सेफ्टी व्हॅनमधून जाईल."

अशा रीतीने दुपारी एक वाजता पुढे पुंजारामची पिकअप आणि मागे डोक्यावर लाल दिवा असलेली कंपनीची सेफ्टी व्हॅन, अशी वरात निघाली. व्हॅनमध्ये चालक आणि डब्याच्या बंदोबस्ताला झुंबर. चांदोरी गेली, निफाड गेलं. विंचूरला चहाला थांबल्यावर पुंजारामने व्हॅनमध्ये डोकावलं. चालक तोंड पुसत होता.

"खड्ड्यात लय आदळलं ना," झुंबर म्हणाला, "म्हणून एकदा चेक केलं दोघांनी. एकेकच."

"सत्तावीस," पुंजाराम हताशपणे म्हणाला. मग काय मनात आलं कोण जाणे, त्याने हात घातला आणि एक आपणही खाल्ला. मोडलंच आहे तर सत्तावीस काय आणि सव्वीस काय. अनारसा मात्र छान झाला होता. त्यामुळे त्याला आणखीच वाईट वाटलं.

डेअरीत बारा ड्रम उतरवून होईपर्यंत पाच वाजले. येवल्याच्या त्या अरुंद गल्लीत व्हॅन लाल दिवा फिरवत शिरली तेव्हा मागांचे आवाज एकेक करून थांबले. माणसं ओट्यांवर आली. व्हॅनमधून झुंबर उतरला: डोक्यावर हेल्मेट, अंगात चमकतं जाकीट, कोपरापर्यंत हातमोजे. त्याने डबा दोन्ही हातांवर तोलून धरला आणि सुलाबाईंच्या दारात नेला.

"अगं बाई," शेजारची एक जण म्हणाली, "सायलीच्या माहेरचं वाण सरकारी बंदोबस्तात आलं!"

सुलाबाईंची मान ताठ झाली. सायली दारात उभी होती, तिच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. पुंजारामला तिच्याकडे बघवेना. आता घटकाभरात या चेहऱ्याचं काय होणार ते त्याला माहीत होतं. सुलाबाईंनी पाट मांडला, मनोजरावांना बसवलं आणि चार बायकांच्या देखत परातीत एकेक अनारसा ठेवत मोजायला सुरुवात केली.

"एक... दोन... तीन..."

पुंजाराम खांबाला टेकला. वीस झाले. पंचवीस. सव्वीस. त्याने डोळे मिटून घेतले.

"सत्तावीस," सुलाबाई म्हणाल्या. "अठ्ठावीस."

त्याने डोळे उघडले. सुलाबाईंचा हात डब्यात जातच होता.

"एकतीस... बत्तीस... तेहतीस. बरोब्बर!" सुलाबाईंनी रिकामा डबा पालथा घालून दाखवला. सायलीने निरांजन लावलं. झुंबर आणि पुंजाराम एकमेकांकडे बघत राहिले.

गल्लीच्या टोकाला येऊन पुंजारामने घरी फोन लावला.

"पोचलं का? किती भरले?" चंद्रभागेने विचारलं.

"तेहतीस. पण अगं, हे कसं काय? सात तर..."

"सातच ना? मग झालं. मी चाळीस घातले होते."

"चाळीस!"

"मग! तुमच्या कागदावर असतीच की ती वाहतुकीतली घट. म्हटलं, आपणबी अंदाजाने जास्त भरू. तुम्ही गेटवर सापडणार हे ठाऊकच होतं. झुंबरभाऊजींचे दोन, कागदांवर सही करणाऱ्या लॅबातल्या त्या दीपकचे दोन, कुणी ना कुणी भेटणार त्याचा एक, आणि तुमचे दोन."

पुंजाराम थक्क झाला. अकरा वर्षं आपण चालक आहोत की ही, असा त्याला प्रश्न पडला. "पण मी एकच खाल्ला," तो अभिमानाने म्हणाला.

"मग सातवा कुणी खाल्ला?"

"मनाली मॅडमनी."

चंद्रभागेचा आवाज एकदम मऊ झाला. "त्या मॅडमनी? अगं बाई. आवडला का त्यांना?"

इथे पुंजारामने "लय आवडला" एवढंच म्हणून फोन ठेवायला हवा होता. पण दिवसभर खोटं बोलून तो दमला होता आणि आता फक्त खरं बोलायचं असं त्याने ठरवलं होतं. त्याने खिशातून अहवालाची प्रत काढली.

"थांब, दीपकने लिवलंय ना इथं. ऐक. 'ज्वलनशील नाही... अपाय नाही...' हां, हे बघ, तळाला हाय. 'गोडवा किंचित अधिक. पदार्थ कडेला थोडा कडक.'"

फोन बंद झाला. पुंजारामने दोनदा परत लावला, पण पलीकडून तो दोन्ही वेळा कापला गेला.

तो पिकअपपाशी आला. मागे तो गव्हाचा निळा ड्रम एकटाच उभा होता, अजून लेबल लावलेला. पुंजारामने ते काढायला नख घातलं, मग विचार केला आणि हात मागे घेतला. घरी पोचल्यावर ड्रम आधी आत सरकवायचा आणि आपण त्याच्या मागे उभं राहायचं, असं त्याने ठरवलं.